आरव्हीच्या शॉवरखाली पाणी मुरतंय? ड्रेनची गळती शोधणं, काढणं आणि पुन्हा होऊ न देणं

आमच्या आरव्हीतली, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतली, गळती पहिल्यांदा मोज्याला कळली. बाथरूमच्या दाराबाहेर उभा होतो आणि तळपाय गार लागला. आंघोळी होऊन तीन तास उलटले होते, शॉवरचा ट्रे ठणठणीत कोरडा होता, आणि तरी दारापाशी विनाईल दाबलं की कडेच्या पट्टीखालून पाणी वर येत होतं. अशा वेळी बहुतेक जण करतात तेच मी केलं. सिलिकॉनची ट्यूब आणली आणि ड्रेनच्या जाळीभोवती वरून जाड कडं फिरवलं. दोन आठवडे बरे गेले, मग पुन्हा ओला मोजा. असं तीनदा झाल्यावर शेवटी शेजारच्या कपाटाची फळी काढली, आत बॅटरी मारली आणि बायकोला ट्रेमध्ये उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली तसा ट्रे ड्रेनपाशी चार-पाच मिलिमीटर खाली बसला, ती बाहेर आल्यावर वर आला. खालचा पाईप मात्र जागचा हलला नाही. रोज दोन-तीनदा होणाऱ्या त्या दाबापुढे सिलिकॉनचा काय पाड लागणार होता?

म्हणून हा लेख सीलंटपासून सुरू होत नाही. आरव्हीत ड्रेन गळतो तो बहुतेक वेळा ट्रे हलतो म्हणून, आणि ती हालचाल थांबवल्याशिवाय वरून काहीही फासलं तरी ते काही दिवसांचंच असतं.

मुळात इथे गळतं का

घरातल्या न्हाणीघरात पायाखाली काँक्रीट असतं. आरव्हीत वजन वाचवायचं असतं, त्यामुळे ट्रे पातळ एबीएस प्लास्टिकचा किंवा फायबरग्लासचा असतो आणि तो बहुधा लाकडी चौकटीवर कडांनी टेकवलेला असतो. मधला भाग पुष्कळदा अधांतरीच असतो. नेमकं त्याच भागात भोक पाडून ड्रेन बसवलेला असतो आणि ड्रेनला खालून पाईप जोडलेला असतो, जो पुढे सांडपाण्याच्या टाकीशी पक्का बांधलेला असतो. वरचा ट्रे लवचिक, खालचा पाईप ताठ, आणि दोघांची ओढाताण सोसायला मध्ये एक रबरी वायसर. त्यात गाडी चालू असताना तासन्‌तास बसणारे धक्के मिळवा.

सुटे भाग वरून खाली कोणत्या क्रमाने येतात हे एकदा डोळ्यांसमोर आणा, पुढचं सगळं सोपं जाईल. सगळ्यात वर जाळी. ती ज्या वाटीसारख्या तुकड्यात बसते तो ड्रेनचा मुख्य भाग. त्याला वर चपटी कड असते आणि बाहेरून आटे असतात. कडेखाली सीलंट, त्याखाली ट्रे. ट्रेच्या खालून रबरी वायसर, मग पातळ फायबरचा किंवा प्लास्टिकचा घसरता वायसर, आणि मग या सगळ्याला आवळून धरणारा मोठा चेकनट. त्याखाली एक सरळ नळी, मग स्लिप नट, म्हणजे नळीचा जोड आवळणारा नट, आणि त्यात कोनदार वायसर, मग ट्रॅप, म्हणजे टाकीचा वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा वाकडा पाईप, तिथून आडवा पाईप आणि शेवटी टाकीच्या तोंडाशी असलेली रबरी चकती.

गळायच्या जागा या साखळीतच असतात, पण प्रत्येक जागा वेगवेगळ्या वेळी गळते. चेकनटपाशी पाणी येतं ते ट्रेमध्ये पाणी साचलेलं असताना, त्यातही कुणी आत उभं असताना. स्लिप नट आणि ट्रॅप गळतात ते पाणी वाहत असताना. ट्रॅपला खालून तडा असेल तर आंघोळ संपल्यावरही थेंब-थेंब चालू राहतं, ट्रॅपमधलं पाणी संपेपर्यंत. टाकीच्या तोंडाची चकती तर टाकी काठोकाठ आल्याशिवाय गळतच नाही. कधी गळतं एवढं नीट पाहिलंत तर कुठे गळतं याचं अर्धं उत्तर हातात येतं.

ड्रेनच गळतोय ना, ही आधी खात्री

पाना हातात घेण्याआधी पंप चालू ठेवा, सगळे नळ बंद करा आणि शांत बसून ऐका. कुणी पाणी वापरत नसताना पंप मधूनच घुर्रर्र करून थांबत असेल तर गळती दाबाच्या पाण्याची आहे, म्हणजे नळाकडे जाणाऱ्या पाईपची. ड्रेनचा तिथे काही संबंध नाही. पंप गप्प असेल तर पुढे जा. गळालेलं पाणी फडक्यावर टिपून वासही घ्या. साबणाचा बुळबुळीतपणा किंवा कुबट वास असेल तर सांडपाणीच आहे.

पुढची चाचणी करायला खालून ड्रेन दिसायला हवा. तो दिसत नसेल तर आधी आत पोचण्याचा भाग वाचा आणि मग इथे परत या.

सांडपाण्याची टाकी रिकामी करा, गाडी समपातळीत उभी करा. ड्रेनखालच्या सगळ्या जोडांवर कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा. बोटाला न जाणवणारा थेंबही टिश्यूवर लगेच डागासारखा दिसतो. आता ट्रेमध्ये पाणी भरायचं, पण दोन वेगवेगळ्या पद्धतींनी.

पहिल्यांदा अख्खा ड्रेन कडेसकट झाकेल अशी सपाट रबरी चकती ठेवा आणि दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरा. पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टीची खूण करा आणि तासभर थांबा. पातळी उतरली आणि खाली ओल दिसली, तर ट्रेलाच कुठेतरी तडा आहे. ही चाचणी पार पडली की चकती काढा आणि ड्रेनच्या घशात आत बसणारं बूच लावा, म्हणजे या वेळी ड्रेनची कड पाण्याखाली राहील. पुन्हा तासभर. या वेळी गळलं तर दोष कडेच्या सीलंटचा किंवा चेकनटचा. ६० बाय ९० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये ३ सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण १६ लिटर, अर्थात १६ किलो. माणसाच्या वजनापुढे हे काहीच नाही. त्यामुळे तास संपला की त्याच पाण्यात कुणाला तरी अनवाणी उभं करा, ड्रेनच्या चारी बाजूंनी पाय ठेवून अंग डोलवायला सांगा आणि तुम्ही खाली बॅटरी धरून बसा. माझ्या गाडीत नुसत्या पाण्याने टिश्यू कोरडाच राहिला होता. पाय पडल्यावर पाच मिनिटांत चेकनटच्या एका बाजूला ओली चंद्रकोर उमटली. ही पायरी गाळणारे लोक ‘चाचणी केली, काही सापडलं नाही’ म्हणतात आणि पुढच्या सहलीत पुन्हा फडकी पिळत बसतात.

आता बूच काढा आणि पाणी एकदम जाऊ द्या. टिश्यू पाहताना वरून खाली पाहा, कारण पाणी पाईपवरून घसरत जाऊन सगळ्यात खालच्या जोडाला लोंबतं आणि तोच गळतोय असं वाटतं. सगळ्यात वरचा ओला टिश्यू हाच खरा गुन्हेगार. वरचा टिश्यू ओला झाला आणि तो कडेमुळे की नळीच्या जोडामुळे ते उमगत नसेल, तर नरसाळ्याला लांब नळी लावून ती थेट ड्रेनच्या घशात खोलवर सोडा आणि ट्रेला पाणी न लागू देता ओता. तरीही गळलं तर कड निर्दोष आहे, खालचा भाग पाहा. पाण्यात खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकले तर डाग आणखी ठळक दिसतो.

इतकं करूनही सगळं कोरडं असेल तर दोन शक्यता उरतात. एक, गळती फक्त टाकी भरलेली असताना होते. शॉवरचा ड्रेन हा गाडीतला बहुधा सगळ्यात खालचा ड्रेन असतो, त्यामुळे टाकी तुंबली की पाणी आधी तिथूनच वर येतं आणि वाटेतला प्रत्येक सैल जोड भिजवतं. स्वयंपाकाच्या बेसिनमध्ये पाणी सोडून टाकी हळूहळू भरा आणि खाली नजर ठेवा. दुसरी शक्यता अशी की ड्रेन बिचारा निरपराध आहे आणि पाणी दाराच्या चौकटीतून, कोपऱ्यातल्या सांध्यातून किंवा नळाच्या मागून उतरतंय. हातशॉवर घेऊन एकेका कोपऱ्यावर पाच-पाच मिनिटं पाणी मारा. एका वेळी एकच जागा, नाहीतर काहीच कळणार नाही.

आत पोचायचं कसं

कारखान्याने तिथे पोचायला दार ठेवलं असेल अशी आशा धरू नका, पण शोधा जरूर. शॉवरला लागून असलेल्या कपाटाची मागची किंवा खालची फळी, पलंगाखालची जागा, शॉवरच्या पायरीची पुढची पट्टी आणि बाहेरच्या बाजूचा सामानाचा कप्पा या चार जागा आधी पाहा. स्क्रूवर प्लास्टिकची टोपणं असतात, ती नखाने निघतात.

कुठूनच वाट नसेल तर कापावं लागतं. आधी बॅटरी तोडा, बाहेरची वीज काढा, गॅस बंद करा. एक बोटभर भोक पाडून त्यातून नळीवाला कॅमेरा किंवा फोन घालून आत काय आहे ते बघा. त्या पोकळीतून पाण्याचे पाईप, तारा आणि कधी गॅसची तांब्याची नळीही जाते. पातं फळीच्या जाडीइतकंच बाहेर ठेवा आणि एकदा कापलंच आहे तर ते भोक बुजवू नका. चारी बाजूंनी आतून पट्ट्या मारून त्यावर स्क्रूने बसणारं झाकण करा. पुढच्या दहा वर्षांत ते झाकण तुम्ही पुन्हा उघडणार आहात.

काही गाड्यांत मात्र तळाचं पन्हळी प्लास्टिक काढून खालूनच जावं लागतं. ते पोट खाली लोंबलेलं दिसलं तर आत पाणी साचलंय. त्याच्या बरोबर खाली झोपून स्क्रू काढू नका. बाजूला बसा, सखल कोपऱ्याखाली टब ठेवा, छोटीशी चीर द्या आणि पाणी संपेपर्यंत चहा प्या. आतलं इन्सुलेशन भिजलेलं असेल तर हातमोजे आणि मास्क लावून ते काढून टाका. काचतंतूची भिजलेली गादी आतल्या आत सुकेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

ड्रेन काढून नव्याने बसवणं

गळती चेकनटपाशी असेल तर नट नुसता आवळून पाहण्याचा मोह होतो. एकदा करून पाहायला हरकत नाही, हाताने, फार तर पाव फेरा. पण जुनं सीलंट एकदा सुटलं की नट आवळून ते पुन्हा चिकटत नाही, आणि ताकद लावली तर पातळ ट्रे भोकापाशी वाकतो किंवा चिरतो. माझं मत विचाराल तर गळणारा ड्रेन पूर्ण काढूनच बसवावा. काम अर्ध्या दिवसाचं आहे, त्यातही बराच वेळ जुना चिकटा खरवडण्यात जातो.

नवा ड्रेन आणण्याआधी जुना मोजा. ट्रेच्या भोकाचा व्यास, कडेचा व्यास, आटे असलेल्या भागाची उंची आणि खालच्या नळीची जाडी ही चार मापं लिहून न्या. उत्तर अमेरिकेत बनलेल्या गाड्यांत सांडपाण्याचा पाईप बहुधा दीड इंची असतो, युरोपीय कॅराव्हॅनमध्ये तो पुष्कळदा त्याहून बारीक असतो. घरगुती शॉवरचा ड्रेन जाड लादीसाठी बनलेला असतो आणि पातळ ट्रेवर त्याचा नट शेवटपर्यंत वर चढेलच असं नाही, म्हणून पातळ ट्रेला बसणाराच घ्या. सोबत नवे रबरी आणि घसरते वायसर, कोनदार वायसर, न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्लास्टिकचा खरवडणा आणि भरपूर फडकी.

खालचा स्लिप नट सोडवून ट्रॅप बाजूला करा. खाली भांडं ठेवा, ट्रॅपमधलं पाणी अंगावर येतंच. उघड्या पाईपच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबा, म्हणजे टाकीचा वास आत येणार नाही आणि निसटलेला वायसर पाईपात जाणार नाही. मग चेकनट. इथे गंमत अशी की नट फिरवला की वरचा ड्रेनही त्याच्याबरोबर फिरतो. वरून कुणीतरी धरायला लागतं. जाळी काढून घशातल्या आडव्या दांड्यांमध्ये पकडीचे दोन्ही दांडे उभे अडकवा आणि मध्ये स्क्रूड्रायव्हर घालून तो दाबून धरा. तरीही नट हलला नाही तर भांडत बसू नका. ड्रेन तसाही बदलायचा आहे. करवतीच्या पात्याने नटालाच दोन जागी चिरा द्या, मात्र ट्रेला पातं लागू देऊ नका.

ड्रेन निघाला की भोकाची कड वरून-खालून बोटाने तपासा. केसाएवढी चीर असेल तर इथेच थांबा, तिचं पुढे येईल. जुनं सिलिकॉन शंभर टक्के निघालं पाहिजे, कारण नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. प्लास्टिकच्या खरवडण्याने काढा, लोखंडी पातं ट्रेवर ओरखडे पाडतं. शेवटी अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. इथे अॅसिटोन वापरू नका. एबीएस प्लास्टिक अॅसिटोनमध्ये विरघळतं आणि चकचकीत ट्रेवर कायमचा पांढरा डाग बसतो.

प्लंबरची पुट्टी की सिलिकॉन, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. साध्या पुट्टीत तेल असतं, आणि काही प्लास्टिकं त्या तेलाने कालांतराने ठिसूळ होऊन चिरतात. पुट्टीचा गुण एकच, ड्रेन पुढे सहज निघतो. प्लास्टिकच्या ट्रेवर मी सिलिकॉनच वापरतो. ड्रेनसोबतच्या कागदावर काही वेगळं सांगितलं असेल तर तो कागद माझ्यापेक्षा खरा.

कडेच्या खालच्या बाजूला सिलिकॉनचा एकसंध, करंगळीच्या निम्म्या जाडीचा गोल काढा. सुरुवात आणि शेवट एकमेकांवर चढले पाहिजेत. ड्रेन भोकात सरळ उतरवा आणि दाबा, फिरवू नका. आता खालून, आधी रबरी वायसर, अगदी कोरडा. रबराला सिलिकॉन फासायचं नाही, कारण आवळताना ते घसरून बाजूला पळतं. मग घसरता वायसर, मग नट. तो घसरता वायसर किरकोळ दिसतो म्हणून खोक्यातच राहून जातो. त्याचं काम हेच की नट फिरताना रबर पिळलं जाऊ नये. तो विसरलात तर रबर एका बाजूने दुमडतं आणि तिथूनच ठिबकायला लागतं. नट हाताने घट्ट करा, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा. वर कडेभोवती सिलिकॉन सगळीकडून सारखं बाहेर आलं पाहिजे. एखाद्या बाजूने आलं नसेल तर ड्रेन तिरका बसला आहे, काढून पुन्हा बसवा. बाहेर आलेलं सिलिकॉन लगेच पुसा आणि ट्यूबवर लिहिला असेल तेवढा वेळ, साधारण २४ तास, पाणी लावू नका. त्या वेळात कुणी ट्रेमध्ये पायही ठेवायचा नाही. बाथरूमच्या दाराला चिकटपट्टीची फुली मारा, रात्री झोपेत कुणीतरी जातंच.

ट्रेखाली आधार

नवा ड्रेन बसवून इथेच थांबलात तर पुढच्या हंगामात हा लेख पुन्हा शोधाल.

ट्रे किती हलतो ते मोजायची सोपी रीत म्हणजे ट्रेच्या खालच्या पृष्ठभागाला टेकेल अशी एक काडी जमिनीवर उभी करणं. कुणीतरी वर उभं राहिलं की काडी वाकते, मोडते किंवा तशीच राहते. आधार देताना पहिली पसंती घन वस्तूला, म्हणजे मापाने कापलेले ताठ फोमच्या फळीचे किंवा प्लायचे तुकडे. जमीन आणि ट्रे यांच्या मधल्या उंचीचे तुकडे ड्रेनच्या चारी बाजूंनी, त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितके सरकवा. ते ट्रेला टेकले पाहिजेत, उचलता कामा नयेत. ठोकून कोंबलेला तुकडा ट्रे वर ढकलतो आणि मग पाणी ड्रेनकडे न येता कोपऱ्यात साचतं. लाकूड वापरलं तर त्याला आधी रंग किंवा वॉर्निश द्या.

उरलेल्या फटींसाठी फुगणारा फोम चालतो, पण कमी फुगणारा, खिडकी-दाराच्या चौकटीसाठी मिळतो तो. जास्त फुगणारा फोम पातळ ट्रेला सहज वर उचलतो. फोम मारण्याआधी बूच लावून ट्रेमध्ये पाणी भरून ठेवा. ते वजन ट्रेला जागेवर दाबून धरतं. हे काम सिलिकॉन वाळल्यानंतरच्या दिवशी करा, त्याच दिवशी नको. थोडा फोम मारा, वाळू द्या, पुन्हा थोडा. आणि चेकनट, स्लिप नट व ट्रॅपभोवती हात घालता येईल एवढी जागा मोकळी ठेवा. फोमात गाडला गेलेला जोड तपासता येत नाही, आणि तिथे पाणी आलंच तर फोम ते लाकडाशी धरून ठेवतो.

ट्रॅप आणि पुढचा पाईप

स्लिप नटच्या जोडात पाणी अडवतो तो कोनदार वायसर, आटे नव्हेत. त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही, उलट नट पुरता चढत नाही. वायसरची निमुळती बाजू ज्या भागात नळी आत शिरते त्या भागाकडे हवी. तो उलटा बसला असेल तर कितीही आवळा, गळणारच. नळी आत निदान दोन-अडीच सेंटिमीटर शिरलेली असावी आणि जोडात सरळ रेषेत असावी. नट हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बास. प्लास्टिकचे नट फुटतात ते गळतीमुळे घाबरलेल्या हातांनी.

काही गाड्यांत पाण्याच्या ट्रॅपऐवजी आत रबरी पडदा असलेला सरळ ट्रॅप असतो. जागा कमी लागते आणि गोठायला पाणी साचत नाही. त्यावर वाहण्याच्या दिशेचा बाण असतो, तो टाकीकडे असला पाहिजे, आणि आडवा बसवताना कोणती बाजू वर ठेवायची ते सोबतच्या कागदावर पाहूनच बसवा.

आडवा पाईप हाताने हलवून बघा. तो लोंबकळत असेल तर गाडी चालताना त्याचं सगळं वजन ट्रॅपच्या जोडावर झुलतं. पट्टीने चौकटीला बांधा, पण उतार टाकीकडेच राहू द्या. चिकटवलेला जोड निखळला असेल तर पाईप कशाचा आहे ते पाहा. काळा बहुधा एबीएस, पांढरा बहुधा पीव्हीसी, आणि दोघांची सिमेंटं वेगळी. काळा-पांढरा एकमेकांना जोडायचा असेल तर त्यासाठीचं खास जोडसिमेंट मिळतं. निखळलेल्या जोडावर बाहेरून सिलिकॉन किंवा एपॉक्सी थापू नका. तो तुकडा कापून नवा बसवणं शेवटी कमी वेळात होतं. टाकीच्या तोंडाची रबरी चकती कडक झाली असेल तर ती बदलायचीच. नवी घालताना पाईपच्या टोकाला साबणाचं पाणी लावलं की पाईप सरळ आत जातो.

ट्रेलाच तडा असेल तर

ड्रेनच्या भोकापासून निघालेला तडा जवळपास नेहमी हालचालीचा असतो, म्हणून आधी आधार आणि मग डागडुजी. तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावायचा थांबतो. ट्रे एबीएसचा असेल तर खालच्या बाजूने एबीएसचाच तुकडा एबीएस सिमेंटने चिकटवा. फायबरग्लासचा असेल तर पॉलिश पेपरने खरबरीत करून काचतंतूचं कापड रेझिनने बसवा, तड्याच्या पुढे सगळीकडून ५ सेंटिमीटर तरी. वरून भरलेलं भराव दिसायला छान दिसतं, पण टिकतं ते खालचं ठिगळ. एकाहून जास्त तडे भोकाला येऊन मिळत असतील तर ठिगळांच्या नादी लागू नका, ट्रे बदला.

भिजलेलं लाकूड

झाकण लावायच्या आधी टोच्या घ्या आणि ट्रेभोवतीचं लाकूड टोचत जा. चांगलं लाकूड टोक अडवतं, कुजलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखं जातं. नुसतं ओलं असेल तर पंखा लावून काही दिवस उघडं ठेवा. ओल २४ ते ४८ तासांपेक्षा जास्त राहिली की बुरशी धरू लागते, त्यामुळे पंखा सुरू करायला उद्याची वाट पाहू नका. मऊ झालेला भाग कापून काढावाच लागतो. वर नवं विनाईल टाकून तो झाकलेल्या जुन्या गाड्या विकायला असतात. घेताना शॉवरच्या दारापाशी टाच दाबून पाहत जा.

परत होऊ नये म्हणून

सगळ्यात मोठा शत्रू थंडी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ट्रॅपमध्ये ते नेहमी साठलेलंच असतं. गाडी शून्याखालच्या थंडीत उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि प्रत्येक ड्रेनमध्ये दोन-तीन कप गुलाबी अँटीफ्रीझ ओता. आरव्हीच्या पाइपांसाठी प्रॉपिलीन ग्लायकोलचं मिळतं ते. इंजिनातलं इथिलीन ग्लायकोलचं विषारी असतं, ते या पाइपांत कधीच नको.

केसांसाठी जाळीवर जाळी ठेवा. तुंबलंच तर तीव्र रसायनं ओतू नका, ती तापतात आणि प्लास्टिक व रबर दोन्ही खातात. हुक असलेली प्लास्टिकची पट्टी घालून केस ओढून काढा. घरचा मोठा रबरी पंपही इथे जपून वापरा, त्याच्या एका जोरकस दाबाने स्लिप नटचा जोड उसवू शकतो. आणि गाडी चालू असताना शॉवरच्या ट्रेमध्ये पाण्याचे कॅन, अवजारांची पेटी असलं जड सामान ठेवायची सवय असेल तर ती सोडा. रिकामी वाटणारी ती जागा सगळ्यांच्याच डोळ्यांत भरते.

दुरुस्तीनंतर सिलिकॉन वाळलं की वरच्या सगळ्या चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा करा, उभं राहण्याच्या चाचणीसकट. मग गाडी खराब रस्त्यावरून थोडी फिरवून आणा आणि नट पुन्हा हाताने तपासा. पहिल्या धक्क्यांत एखादा किंचित सैल होतोच. मी ट्रॅपखाली पाणी लागलं की वाजणारा छोटा बॅटरीवरचा अलार्म ठेवला आहे आणि झाकणाचे आठपैकी दोनच स्क्रू लावले आहेत. महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर लगेच, झाकण उघडून टिश्यू फिरवतो. गेल्या वर्षी अलार्म एकदाच वाजला. चेकनट कोरडा होता, ओला होता तो टाकीच्या तोंडाशी आलेला पाईप. टाकी भरली होती आणि रिकामी करायची पाळी माझी होती.